जखिऱ्याचे पाणी आणि हेलिकॉप्टरची टाकी

(थ्रेड)

१/
पांढरकवडा. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, कापसाच्या व्यापाराचे गाव. निवडणुकीच्या हंगामात येथील मैदानावर चुन्याने एक वर्तुळ आखले जाते, त्यात इंग्रजी 'एच' काढला जातो, आणि धुळीचा लोट उठवत हेलिकॉप्टर उतरते. पोरे कुंपणाकडे धावतात, मोबाइल वर होतात. नेता सभेला उशिरा येतो, भाषण लांबते. तोवर त्या यंत्राच्या टाकीत काय घडत असते, हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही. हा थ्रेड त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

२/
११ नोव्हेंबर २०२४ रोजी याच जिल्ह्यातील वणी येथे उद्धव ठाकरे यांची बॅग हेलिपॅडवर तपासली गेली. चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. पुढे इतर पक्षांच्या नेत्यांच्याही बॅगा उघडल्या गेल्या. कोणाच्या बॅगेत काय निघाले हे घराघरांत कळले. त्या सगळ्या गदारोळात एकाही वाहिनीने, एकाही पक्षाने हे विचारले नाही की परतीच्या उड्डाणाला यंत्रात किती इंधन आहे आणि त्यातले अस्पर्शित किती राहणार आहे. बॅग हा तमाशाचा विषय झाला. टाकी मात्र कोणाच्याच खिजगणतीत नव्हती.

३/
ही अनास्था केवळ राजकारण्यांची नाही. इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्या तरुणांचीही आहे. लढाई म्हटली की तलवार, उड्डाण म्हटले की पायलटचे धाडस. धान्य, चारा, पाणी, इंधन हे विषय 'कंटाळवाणे' म्हणून तळटीपेत जातात. वस्तुस्थिती अशी की माणसे ज्याने मरतात आणि ज्याने वाचतात, ते बहुतेक वेळा याच तळटीपेत लिहिलेले असते.

४/
मराठी भाषेला राखीव साठ्याची कल्पना परकी नाही. तिच्यासाठी नेमका शब्द आहे: जखिरा. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरण आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, हे त्यातले सूत्र सर्वांना ठाऊक असते. त्याच्या पुढचे सूत्र फार थोड्यांच्या लक्षात राहते.

५/
ते असे: गडावर झरा आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. खडक फोडून आणखी दोन-चार टाकी बांधावीत आणि त्यांचे पाणी नेहमीच्या वापरात येऊ देऊ नये. कारणही दिले आहे. झुंजाच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्याने झरे कमी होऊ शकतात, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याचा खर्च वाढतो. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी चढते. तीन शतकांपूर्वीच्या या एका निरीक्षणात आजच्या उड्डाण-नियोजनाचे अर्धे शास्त्र सामावले आहे.

६/
आता आधुनिक नियम पाहावा. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या सहाव्या परिशिष्टाचा तिसरा भाग हेलिकॉप्टरांसाठी आहे. डोळ्यांनी जमीन पाहत होणाऱ्या उड्डाणात गंतव्यापर्यंतचे इंधन हवेच. त्याशिवाय किमान २० मिनिटे उडता येईल इतके अखेरचे राखीव इंधन हवे, आणि अनपेक्षित अडचणींसाठी आणखी काही. उपकरणांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणात पर्यायी तळापर्यंत पोहोचून, त्यावर सुमारे ४५० मीटर उंचीवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील इतके इंधन राखावे लागते.

७/
या २० किंवा ३० मिनिटांविषयी एक मोठा गैरसमज आहे: 'ते अडीअडचणीला वापरायचे असते.' तसे नाही. अडीअडचणीचे इंधन वेगळे मोजलेले असते. अखेरचे राखीव इंधन टाकीत शिल्लक ठेवूनच उतरायचे असते. त्याला हात लागणार असे गणित सांगू लागले, की पायलटने 'मेडे फ्युएल' अशी आणीबाणी जाहीर करायची असते. म्हणजे जखिऱ्याला तोंड लावणे हीच आणीबाणी. आज्ञापत्राचा किल्लेदारही हे वाक्य ऐकून मान डोलावता.

८/
'टाकी गच्च भरली की प्रश्न मिटला' हा युक्तिवाद येथे हमखास येतो. मोटारीच्या बाबतीत तो खरा आहे. हेलिकॉप्टरच्या बाबतीत तो घातक आहे, कारण इंधन म्हणजे वजन, आणि वजन पेलण्याची हेलिकॉप्टरची ताकद हवेवर अवलंबून असते. १५ अंश तापमानाच्या तुलनेत ४५ अंशांना, दाब तोच असेल तर, हवा सुमारे एकदशांश विरळ होते. रोटरला पकडायला हवाच कमी मिळते. इंजिनाचीही शक्ती उतरते. वऱ्हाडातला उन्हाळा ४५ अंशांशी चांगला परिचित आहे.

९/
त्यात आणखी एक बारकावा. जमिनीलगत रोटरखाली हवेची जणू उशी तयार होते आणि तिच्यावर यंत्र कमी शक्तीत तरंगते. ते थोडे वर चढले की ही उशी संपते. भोवती झाडे, विजेच्या तारा, मंडपाचे खांब असतील तर हेलिकॉप्टरला उभ्या चढाईने बाहेर पडावे लागते, आणि तिथे शक्ती जास्त लागते. उशीवर सहज तरंगणारे यंत्र तारांच्या उंचीला पोहोचेपर्यंत दमलेले असू शकते.

१०/
२५ मे २०१७. लातूर जिल्ह्यातील निलंगा. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांत अडकून कोसळले. सहाही जण वाचले. मे महिना, मराठवाड्याची दुपार, वस्तीतले मैदान, भोवती तारा. पुढचे कित्येक दिवस चर्चा 'दैव बलवत्तर' या दोन शब्दांभोवती फिरली. दैवाचे आभार मानायला हरकत नाही. पण वजन, तापमान आणि मैदानाची निवड यांचा हिशेब मागणे हे नागरिकांचे काम होते, आणि ते फारसे कोणी केले नाही.

११/
तर प्रश्न दुहेरी आहे. इंधन कमी घेतले तर परत पोहोचणे धोक्यात. जास्त घेतले तर उठणेच धोक्यात. या दोन भिंतींमधली वाट आकड्यांनीच काढावी लागते. एक नमुना मांडू. यातले आकडे कोणत्याही विशिष्ट यंत्राचे नाहीत, समजुतीसाठी धरलेले आहेत. दोन इंजिनांचे हेलिकॉप्टर, वेग ताशी २४० किमी, खर्च मिनिटाला ५ किलो इंधन. मार्ग नागपूर-पांढरकवडा-नागपूर. हवाई अंतर एका बाजूने सुमारे १३१ किमी. पांढरकवड्यात इंधनाची सोय नाही असे धरू.

१२/
एका बाजूला सुमारे ३३ मिनिटे, म्हणजे १६५ किलो. दोन्ही बाजूंचे ३३०. इंजिन सुरू करणे, तपासण्या, उठणे यांसाठी दोन वेळा १५, म्हणजे ३०. प्रवासाच्या दहा टक्के आकस्मिक तरतूद ३३. अखेरचे राखीव २० मिनिटांचे १००. एकूण ४९३ किलो. टाकीची क्षमता ८०० आहे असे समजा. उरलेले ३०७ किलो भरले तर चार माणसांचे वजन वाढले. उन्हाळ्यात ते परवडेलच असे नाही. म्हणून ४९३.

१३/
(इंधन लिटरऐवजी किलोत का? कारण लिटर उष्णतेने फुगतात, किलो फुगत नाहीत. आणि इंजिनाला मिळणारी ऊर्जा वस्तुमानावर ठरते. एककांच्या घोळाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २३ जुलै १९८३. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये किलोचा हिशेब करताना पौंडांचा गुणक वापरला गेला. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधनावर विमान निघाले, आकाशातच दोन्ही इंजिने बंद पडली, आणि गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर ते घरंगळत उतरले. जीव कोणाचा गेला नाही. पण आकडा बरोबर आणि एकक चूक, हे तेवढ्यानेच कायमचे शिकवले.)

१४/
आता हेलिकॉप्टर पांढरकवड्यात उतरले. ४९३ मधून १५ आणि १६५ गेले. टाकीत ३१३ उरले. येथून निघताना किती हवे? सुरुवातीचे १५, प्रवासाचे १६५, आकस्मिक १७, राखीव १००. एकूण २९७. म्हणजे हाताशी अवघे १६ किलो जादा. हे सोळा किलो म्हणजे नेत्याच्या वेळापत्रकातली खरी सवलत. छापील कार्यक्रमपत्रिकेत ती कुठेही लिहिलेली नसते.

१५/
आणि मग तो परिचित प्रसंग. 'साहेब निघालेच, इंजिन चालूच ठेवा.' साहेब निघत नाहीत. सत्कार, निवेदने, छायाचित्रे. २५ मिनिटे. जमिनीवर फिरत्या रोटरचा खर्च मिनिटाला ४ किलो धरला, तर १०० किलो गेले. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? तो अखेरच्या राखीव इंधनाइतकाच आहे. गडावरचे जखिऱ्याचे टाके कोणी फोडले नाही, कोणी विष कालवले नाही. ते सत्काराच्या हारांखाली निमूटपणे आटले.

१६/
उरले २१३. इंजिन चालूच असल्याने पुन्हा सुरू करण्याचा खर्च नाही, हेही हिशेबात धरू. शांत हवेत १६५ वजा जाऊन नागपूरला ४८ किलो शिल्लक: दहा मिनिटांहून कमी. पण हवा शांतच असेल कशावरून? ताशी ४० किमीचा समोरचा वारा लागला तर जमिनीवरचा वेग २०० होतो, प्रवास ३९ मिनिटांचा, खर्च १९५. शिल्लक १८ किलो. चार मिनिटांहून कमी. नागपूरच्या आकाशात तेव्हा प्रवासी विमानांची रांग असेल, तर या चार मिनिटांत काय काय मावायचे?

१७/
'जाताना मागून लागलेला वारा येताना समोरून लागला तर फिट्टंफाट' असेही ऐकू येते. गणित तसे सांगत नाही. ताशी ४० किमीच्या वाऱ्यात जाताना २८ मिनिटे, येताना ३९: एकूण ६७. वारा नसता तर ६६. फरक एका मिनिटाचा असला तरी दिशा पाहण्याजोगी आहे. वारा जितका देतो त्याहून जास्त वसूल करतो, कारण प्रतिकूल वाऱ्यात यंत्र अधिक वेळ असते. वारा वाढला की ही वसुली झपाट्याने वाढते.

१८/
'आधुनिक यंत्रांत इशारे असतात, दिवे लागतात. पूर्वीच्या गोष्टी आता कशाला?' या आक्षेपाला ग्लासगोचे उत्तर पुरे आहे. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंड पोलिसांचे एक ईसी-१३५ हेलिकॉप्टर क्लथा नावाच्या मद्यगृहाच्या छतावर कोसळले. आतले तिघे आणि खालचे सात, दहा जण गेले. उड्डाणाच्या वेळी ४०० किलो इंधन होते. अपघातानंतर मुख्य टाकीत ७६ किलो इंधन सापडले. यंत्रात इंधन होते, तरी इंजिने इंधनावाचून बंद पडली.

१९/
कसे? त्या यंत्रात मुख्य टाकीतून इंजिनांच्या पुरवठा-टाक्यांत इंधन नेणारे पंप होते, आणि त्यांच्या कळा बंद अवस्थेत आढळल्या. कमी इंधनाचे इशारे पाच वेळा लागले आणि पाचही वेळा त्यांची पोच दिली गेली, असे ब्रिटिश तपास यंत्रणेच्या २०१५ च्या अहवालात नोंदले आहे. असा इशारा आल्यावर दहा मिनिटांत उतरावे, अशी सूचना होती. इशारा असणे वेगळे आणि इशाऱ्यासरशी काम थांबवता येणे वेगळे. दुसरी गोष्ट कोणत्याही दिव्यात बसवून मिळत नाही.

२०/
मराठी वाचकाला हे चित्र अनोळखी नसावे. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकून भाऊसाहेबांच्या फौजेला धान्य मिळाले. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. डिसेंबरात रसदीच्या कामावर असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. धान्य हिंदुस्थानात होते, पैसा पुण्यात होता. पानिपतच्या छावणीत ते पोहोचत नव्हते. मुख्य टाकी भरलेली, पुरवठा-टाकी कोरडी. १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य मैदानात उतरले, ते उपाशी सैन्य होते.

२१/
'पण मराठे तर रसद न बाळगता दौडत, गनिमी काव्यात राखीव साठा कसला?' हा आक्षेप सर्वांत आकर्षक आणि सर्वांत पोकळ आहे. घोडेस्वार हलका राहू शकत होता, कारण साठा दुसरीकडे होता: गडांच्या अंबारखान्यांत, मित्र मुलुखात, आधी ठरवलेल्या मुक्कामांवर. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामाचे पाणी आणि रसद कोंडली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह घडवला. तो विजय हलकेपणाचा जितका, तितकाच दुसऱ्याची रसद नेमकी ओळखण्याचाही आहे.

२२/
हेलिकॉप्टरलाही हलके राहण्याचा हाच एक प्रामाणिक मार्ग आहे. पांढरकवड्याच्या मैदानावर इंधनाचा टँकर किंवा तपासलेली पिंपे उभी असतील, तर नागपूरहून कमी वजनाने निघता येते. साठा यंत्रात नसेल तर जमिनीवर हवा. कुठेच नसेल, तर त्याला चपळाई म्हणत नाहीत. ती उधारी असते, आणि तिची परतफेड आकाशात मागितली जाते.

२३/
हीच शिस्त महाराष्ट्रातच रोजच्या रोज पाळली जाते, हे मुद्दाम सांगायला हवे. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले. मुंबईपासून सुमारे १६० किमी दूर समुद्रातल्या त्या फलाटांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने जाऊ लागले. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या पवनहंसच्या जन्मामागेही हीच गरज होती. जुहूहून निघालेल्या अशा उड्डाणात एक बिंदू आधी आखावा लागतो: ज्याच्या पुढे गेल्यावर किनाऱ्यावर परतण्याइतके इंधन उरणार नाही, तो. त्या बिंदूपूर्वीच ठरवायचे, पुढे की मागे. समुद्रावर सत्काराचा हार घेऊन कोणी उभे नसते, म्हणून निर्णय सोपा होतो. पांढरकवड्याला समुद्र नाही. पण तो बिंदू तिथेही आहे.

२४/
आता मुख्य आरोप. अपघात झाला की 'पायलटची चूक' हे दोन शब्द तयार असतात. कायद्याने अंतिम जबाबदारी वैमानिकाची आहे, आणि ती असावीच. पण जबाबदारी त्याची आणि घड्याळ दुसऱ्याचे, ही वाटणी अन्यायाची आहे. ज्याच्या वेळापत्रकावर सगळे चालते, त्याला 'साहेब, आता निघालो नाही तर आज निघता येणार नाही' असे सांगणारा माणूस भित्रा ठरतो, पुढच्या दौऱ्यात बदलला जाण्याची धास्ती बाळगतो. सूर्यास्ताची मर्यादा तरी सर्वांना दिसते. इंधनाची मर्यादा फक्त त्याला दिसते.

२५/
न बोलण्याची किंमत काय असते? २५ जानेवारी १९९०. बोगोटाहून निघालेले एव्हियांकाचे बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ तासाहून अधिक काळ घिरट्या घालत ठेवले गेले. चालकांनी 'प्राधान्य' मागितले, इंधन संपत आल्याचे सांगितले. पण 'आणीबाणी' हा शब्द उच्चारला नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळले, १५८ पैकी ७३ जण गेले. आज इंधनाच्या तुटवड्यासाठी ठरावीक शब्द आहेत, त्यामागे अशा मौनांचा इतिहास आहे. जिथे अनोळखी नियंत्रकापुढे शब्द अडखळले, तिथे ओळखीच्या मंत्र्यापुढे ते सहज फुटतील असे मानणे भाबडेपणाचे आहे.

२६/
उलट उदाहरणही आहे. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी अमेरिकेची आठ हेलिकॉप्टरे निघाली. किमान सहा हवीत, हे आधीच ठरले होते. वाळवंटातल्या तळावर पाचच वापरण्याजोगी उरली आणि मोहीम रद्द झाली. परतीच्या धावपळीत जमिनीवरच एक हेलिकॉप्टर इंधनवाहू विमानावर आदळून आठ जण मेले, ही त्या रात्रीची शोकांतिका. तरीही एक धडा उरतो: राष्ट्राची प्रतिष्ठा पणाला लागलेली असताना 'सहाच्या खाली नाही' हे वाक्य पाळले गेले, कारण ते आधी, शांत डोक्याने, लिहून ठेवलेले होते.

२७/
म्हणून मागण्या साध्या आहेत आणि कोणत्याही पक्षाच्या नाहीत.
– हेलिकॉप्टरची 'निघण्याची शेवटची वेळ' उतरतानाच आयोजकांना लेखी कळावी.
– थांबा पाच-दहा मिनिटांपलीकडे गेला तर इंजिन बंद व्हावे. 'चालूच ठेवा' हा अधिकार कार्यकर्त्याला नसावा.
– जमिनीवर इंधनाची सोय नसेल, तर भाषण किती चालणार हे टाकी ठरवील.
– वैमानिकाने 'नाही' म्हटले तर त्याची बदली होणार नाही, हे भाड्याच्या करारातच असावे.
– परतीला मोटारीचा पर्याय नेहमी तयार असावा. नागपूर महामार्गावरच आहे.

२८/
'लोकशाहीत नेत्याला लोकांत वेळ द्यावा लागतो' हे म्हणणे खोटे नाही. द्यावाच. पण तो वेळ टाकीतून चोरून देऊ नये. आणखी एक गोष्ट विसरली जाते: हेलिकॉप्टर कोसळते तेव्हा ते फक्त आतल्यांवर कोसळत नाही. ग्लासगोतील दहापैकी सात जण मद्यगृहातले होते, शुक्रवारच्या संध्याकाळी गाणे ऐकायला आलेले. पांढरकवड्याच्या मैदानाच्या कुंपणाशी पोरे उभी असतात. त्यांनी कोणत्याही उड्डाणाला संमती दिलेली नसते.

२९/
इतिहासाच्या अभ्यासकांकडेही एक मागणी आहे. 'थेंबभर इंधनावर उतरवले' अशा कथा शौर्यकथा म्हणून पसरवणे थांबवावे. ती बहुतेक वेळा नियोजनाच्या पराभवाची कथा असते, शेवट गोड झाला इतकेच. जो किल्लेदार वेढा उठल्यावर जखिऱ्याची टाकी भरलेली दाखवतो, त्याच्यावर पोवाडा कोणी रचत नाही. तसेच, जो पायलट वीस मिनिटांचे इंधन जसेच्या तसे घेऊन शांतपणे उतरतो, त्याच्यावर बातमी होत नाही. ज्या दिवशी काहीच घडत नाही, त्या दिवसाचाही इतिहास लिहायला शिकले पाहिजे.

३०/
पुढच्या वेळी मैदानावर धूळ उडाली आणि मोबाइल वर झाले, की चित्रीकरण अवश्य करावे. फक्त त्यासोबत घड्याळही पाहावे. रोटर किती मिनिटे फिरतो आहे, हे मोजायला कोणाची परवानगी लागत नाही. आणि नेता मंचावरून 'आणखी दोनच मिनिटे' म्हणाला, तर त्या दोन मिनिटांचे आठ किलो होतात, हे शेजारच्याला जरूर सांगावे.

(थ्रेड समाप्त)